ठिगळांच्या गोधडीचे तुकडे मापात कसे कापायचे: आधी कापडाचं सूत, मग पट्टीचं

पॅचवर्क शिकायला लागलेल्या प्रत्येकीची पहिली तक्रार एकच असते, की शिलाई सरळ मारली तरी कोपरे का जुळत नाहीत. तुकडे जोडून केलेला चौकोन, म्हणजे ब्लॉक, घेऊन येतात, मी उलटा करून बघते तर शिलाई खरंच चांगली असते, मग टाके उसवून एकेक तुकडा पट्टीखाली ठेवला की कळतं, एक बरोब्बर साडेतीन इंच, शेजारचा एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, आणि तिसरा एका बाजूने नीट पण दुसऱ्या बाजूने तिरका. म्हणजे मशीनवर बसायच्या आधीच चूक झालेली असते आणि ती शिलाईत कितीही ओढूनताणून लपत नाही. म्हणून हा सगळा लेख फक्त मोजण्या-कापण्याबद्दल आहे, शिवणाचा भाग मी जेवढ्यास तेवढा घेतलाय.

आमच्याकडे सातारच्या बाजूला गोधडीला वाकळ म्हणतात. आजीच्या वाकळेत मोजणं नव्हतंच, जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वरून मिळतील ती ठिगळं बसवायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. तिथे तुकडा अर्धा बोट लहान असला तरी शेजारच्यावर सरकवून चालतं कारण खाली अख्खं कापड असतं. ब्लॉकच्या गोधडीत खाली काही नसतं, तुकडा तुकड्यालाच जोडायचा असतो, त्यामुळे एकाचं माप चुकलं की ते पुढच्याच्या डोक्यावर बसतं. दोन्ही पद्धती मला तितक्याच प्रिय आहेत, पण दुसरी करायची असेल तर मापाशिवाय गत्यंतर नाही.

आधी सूत म्हणजे काय ते

सूत म्हणजे धागा हे सगळ्यांना माहीत आहे, पण सुतारकामात सूत हे मापही आहे, एका इंचाचे आठ सूत. हे मला घरी किचनच्या कपाटांचं काम चालू होतं तेव्हा नीट कळलं. मी ओट्याच्या टोकाला पुठ्ठ्याचा चौकोन आखत बसले होते, सुतारकाकांनी माझी प्लास्टिकची पट्टी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, ही कडेला झिजलीय. शून्यावरून मोजू नका, एकावरून धरा आणि शेवटी एक वजा करा." मग स्वतःचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, माझ्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बसवून दाखवला, वरच्या टोकाला उजेडाची बारीक फट दिसत होती. "दोन सूत बाहेर गेलंय." मला तो चौकोन डोळ्यांना एकदम व्यवस्थित वाटत होता.

तेव्हापासून मी गोधडीचं माप सुतातच सांगते, कारण ते डोक्यात पटकन बसतं. पॅचवर्कमध्ये शिलाईचं मार्जिन, म्हणजे टाक्यापासून कापडाच्या कडेपर्यंतची जागा, पाव इंच असतं, म्हणजे दोन सूत. आणि कापड कापताना आधी कापडाचं सूत (धाग्याची दिशा) बघायचं, मग पट्टीचं (माप). हा क्रम उलटा झाला की पट्टी कितीही महागाची असो, तुकडे वाकडेच येतात.

सामान

एक चांगली पारदर्शक जाड ॲक्रिलिकची पट्टी घ्या, ६ इंच रुंद आणि २४ इंच लांब, जिच्यावर उभ्या-आडव्या रेघा आणि ४५ अंशाची तिरकी रेघ असते. रोटरी कटर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्याचा, ४५ मिलिमीटरचा, आणि खाली घालायला कटिंग मॅट. स्टेशनरीसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला चक्कर मारा, नाहीतर ऑनलाईन मागवा, पण पट्टी शक्यतो हातात घेऊन बघा, रेघा बारीक आणि स्पष्ट आहेत ना ते महत्त्वाचं. हे रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये काढलं, त्याआधी जगभरातल्या बायका पेन्सिल आणि कात्रीनेच कापायच्या आणि त्यांच्या गोधड्या अजून टिकून आहेत, तेव्हा कटर नाही म्हणून थांबू नका, कात्रीची पद्धत पुढे सांगितलीय.

जे वापरायचं नाही तेही सांगते. शिवणाचा टेप तुकड्यांसाठी नको, तो अंगाचं माप घ्यायला बरा, पण जुना टेप ओढून ओढून लांबलेला असतो आणि टोकाच्या पत्र्याजवळ माप नेमकं कुठून सुरू होतं तेच कळत नाही. शाळेच्या कंपासची पट्टी १५ किंवा ३० सेंटीमीटरची असते, ३० सेंटीमीटर म्हणजे १२ इंच असं धरून चालू नका, १२ इंच म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर. असंच फरशीचं. खाली बसून कापणाऱ्या बऱ्याच जणी लादीला लादी धरून दोन फूट मोजतात, पण हल्लीच्या दोन बाय दोनच्या लाद्या ६०० मिलिमीटरच्या असतात, म्हणजे साडेतेवीस इंचाच्या जरा वर, चोवीस नाही. लादीची कड सरळ रेघ बघायला वापरा, मोजायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अख्ख्या गोधडीसाठी एकच पट्टी. दोन कंपन्यांच्या पट्ट्यांत केसाएवढा फरक असू शकतो आणि मॅटवरच्या रेघांत तर असतोच, म्हणून मॅटच्या रेघा कापड साधारण सरळ ठेवायला, माप मात्र पट्टीवरच. कटरबरोबर पट्टी सरकते ही सगळ्यांचीच अडचण असते, त्याला सोपा उपाय म्हणजे पट्टीच्या खालच्या बाजूला तीन-चार ठिकाणी औषधाच्या दुकानातल्या कापडी चिकटपट्टीचे किंवा बारीक पॉलिश पेपरचे नखाएवढे तुकडे चिकटवायचे.

कापड

नवशिक्यांनी सुती पॉपलीन किंवा केंब्रिक घ्यावं, मध्यम जाडीचं, घट्ट विणीचं. मंगलदास मार्केटात नाहीतर दादरला हिंदमाताला कटपीसमध्ये बघितलंत तर भरपूर मिळतं. मलमल सुंदर असते पण पट्टीखाली हलते, सॅटीन आणि क्रेप तर पहिल्या गोधडीत नकोच. ब्लाऊजची टू बाय टू रुबिया चालते, जराशी खळ (स्टार्च) घालून. जुन्या सुती साड्या घेणार असाल तर उजेडासमोर धरून बघा, जिथे वीण विरळ दिसते तो भाग सोडा. साडीचा मधला भाग बसून बसून विरलेला असतो, पदराकडचा आणि निऱ्यांच्या आतला भाग धड असतो. विरलेला तुकडा नव्या कोऱ्या तुकड्याच्या शेजारी लावला तर वर्षभरात तिथेच फाटतो, मग मापात कापून उपयोग काय.

किती घ्यायचं त्याचं गणित. आपल्याकडे कापड मीटरवर मिळतं आणि ब्लॉकची मापं इंचात असतात, १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच धरला आणि साडेतीन इंचाचे चौकोन काढायचे असले, तर कागदावर कापडाच्या ११ आडव्या पट्ट्या आणि प्रत्येकीत १२ चौकोन असे १३२ बसतात. पण सुती कापड धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटतं, दोन्ही बाजूंच्या काठांचं अर्धा अर्धा इंच सोडावं लागतं, कड सरळ करताना थोडं जातं, त्यामुळे हातात १० पट्ट्या आणि प्रत्येकीत ११, म्हणजे ११० चौकोन येतात असं धरा. मी नेहमी पाव मीटर जास्त घेते, कारण नंतर त्याच प्रिंटचा तागा मिळेल याची काही खात्री नसते.

कापड आणलं की आधी धुवा. हे टाळू नका, प्लीज. गडद लाल, निळं, हाताने छापलेलं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात घासून बघा, रंग लागला तर वेगळं धुवा आणि पाण्यात रंग यायचा थांबेपर्यंत धुवत राहा. माझ्या पहिल्या गोधडीत मी न धुता कापलं होतं, तयार झाल्यावर धुतली तर लाल तुकडे जास्त आटले आणि शेजारचे पांढरे गुलाबी झाले, प्रत्येक लाल चौकोनाभोवती चुण्या पडल्या. चार महिन्यांचं काम होतं ते. तेव्हा फार रडू आलं होतं, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

कापड अर्धवट ओलं असताना इस्त्री केली तर छान बसतं, इस्त्री घासायची नाही, दाबून उचलायची, घासली की सूत तिरकं होतं. मग खळ. तीन कप पाणी उकळत ठेवायचं, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या थंड पाण्यात कालवून त्यात ओतायचं, पारदर्शक झालं की उतरवून गार करायचं, कापड त्यात बुडवून पिळून सावलीत वाळवायचं. साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची खळ पण चालते, गाळून घ्या म्हणजे झालं. खळ घातलेलं कापड कागदासारखं वागतं, कटरखाली पळत नाही आणि तिरक्या कडा ताणल्या जात नाहीत. फक्त मुंबईच्या हवेत खळ घातलेलं कापड कपाटात ठेवून देऊ नका, जून ते सप्टेंबर तर अजिबात नाही, बुरशी धरते, कसर आणि झुरळं येतात. जेवढं या आठवड्यात कापणार तेवढ्यालाच खळ.

कापडाचं सूत बघणं

कापडात दोन दिशांचे धागे असतात, काठाला समांतर जातो तो ताणा आणि आडवा जातो तो बाणा. ताण्याच्या दिशेने कापड जवळजवळ ताणलं जात नाही, बाण्याच्या दिशेने थोडं, आणि कोपऱ्यातून तिरकं म्हणजे उरेब ओढलं तर भरपूर. हातात घेऊन तीनही बाजूंनी ओढून बघा, वाचण्यापेक्षा ते एकदा बोटांना कळू दे. चौकोनाच्या कडा ताण्या-बाण्याच्या धाग्याला समांतर असतील तर तो चौकोन धुवा, इस्त्री करा, शिवा, चौकोनच राहतो. थोड्या तिरक्या कापल्या असतील तर मापात असूनही शिवताना एक कड लांबते.

मुंबईच्या बाजारात दुकानदार बऱ्याचदा कात्रीने एक चीर देऊन कापड टर्रकन फाडून देतो, अनेकींना ते आवडत नाही पण आपल्या कामासाठी ते फार बरं, कारण कापड बाण्याच्या धाग्यावरच फाटतं, म्हणजे ती कड आपोआप सुतात असते. ती थोडी लहरी झालेली असते, अर्धा इंच आतून कापून टाकायची. कात्रीने कापलेलं मिळालं तर काठाजवळ बारीक चीर द्या, आडवा एक धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढत जा, कापड चुणतं आणि धागा निघाला की पूर्ण पन्ह्याभर एक बारीक रेघ उमटते. मध्ये तुटला तर शेजारचा धरा. ही रेघ म्हणजे कापडाने स्वतः दिलेली सरळ रेघ, मला हे करताना दरवेळी बरं वाटतं, अगदी नवीन असाल तर एकदा तरी करून बघाच.

चौकडी किंवा पट्ट्यांचं कापड असेल तर बघा, विणलेली चौकडी धाग्यावरच असते, छापलेली कधी कधी तिरकी छापलेली असते. थोडीच तिरकी असेल तर मी छपाईच्या मागे जाते कारण नजरेला तीच दिसते, जास्त असेल तर ते कापड ब्लॉकसाठी बाजूला ठेवते आणि मागच्या अस्तराला लावते.

तयार माप आणि कापायचं माप

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तयार माप म्हणजे शिवून झाल्यावर वरून दिसणारा तुकडा, कापायचं माप म्हणजे त्यात चारही बाजूंचं शिलाई मार्जिन. चौकोनाला प्रत्येक बाजूला दोन सूत, म्हणजे एका दिशेत एकूण चार सूत, अर्धा इंच. तयार ३ इंच हवा तर ३.५ कापा, तयार ४ हवा तर ४.५. आयताचंही तसंच, लांबीत अर्धा, रुंदीत अर्धा.

त्रिकोणाला अर्धा इंच पुरत नाही. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापून दोन त्रिकोण काढायचे असतील तर तयार मापात सात सूत मिळवायचे, ३ इंचाच्या त्रिकोणासाठी ३ इंच ७ सूतचा चौकोन. कारण तिरक्या बाजूलाही मार्जिन लागतं आणि ते टोकाशी जास्त जागा खातं, गणिताने ०.८५४ इंच येतं आणि सोयीसाठी ते सात सूत म्हणजे ०.८७५ धरतात. चौकोनाचे दोन्ही कर्ण कापून चार त्रिकोण काढायचे असतील तर सव्वा इंच मिळवा.

पण माझा सल्ला असा, की पहिल्या गोधडीत सुटे त्रिकोण कापूच नका. दोन रंगांचे चौकोन तयार मापापेक्षा पूर्ण १ इंच मोठे कापा, म्हणजे तयार ३ साठी ४ इंचाचे, सुलट बाजू आतल्या बाजूला येतील असे एकावर एक ठेवा, मागे पेन्सिलने कर्णाची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतावर शिलाई मारा आणि मग रेघेवर कापा. उघडून इस्त्री केलीत की दोन त्रिकोणांचे दोन चौकोन मिळतात, ते पट्टीवरची ४५ अंशाची रेघ शिलाईवर ठेवून साडेतीन इंचाला छाटून घ्या. उरेब कड शिवून झाल्यावरच मोकळी होते, त्यामुळे ती ताणली जायची भीती नाही आणि बारीक चूक छाटताना निघून जाते.

कटरने कापणं

जागा किचनचा ओटा. जमिनीवर बसून कटर चालवू नका, कंबर जाते आणि हातावर सारखा दाब येत नाही. मुंबईच्या छोट्या घरात वेगळं टेबल कुठे ठेवणार, पण ओटा कमरेच्या थोडा खाली, सपाट ग्रॅनाईटचा, उभं राहून कापायला एकदम योग्य उंचीचा असतो. दुपारी जेवणं आटपली की कोरडा पुसून घ्यायचा, ओलावा राहिला तर मॅट सरकते, आणि गॅसपासून लांबच्या टोकाला मॅट टाकायची.

कापडाची काठाला काठ लावून घडी घाला. मग दोन्ही काठ हातात धरून कापड उभं लोंबकळू द्या, घडीजवळ झोळ किंवा तिरकी सुरकुती दिसली तर एक काठ डावी-उजवीकडे सरकवत राहा जोपर्यंत घडी सरळ पडत नाही. कापलेल्या कडा खालीवर झाल्या तरी चालेल, घडी सपाट पडली पाहिजे. मॅटवर ठेवा, घडी तुमच्या बाजूला. पट्टीची एक आडवी रेघ बरोबर घडीवर ठेवा आणि कापडाची उजवी कड सरळ कापून घ्या, डावखुऱ्या असाल तर सगळं उलट. ही पहिली कड घडीशी काटकोनात आली तरच पुढचं सगळं बरोबर. ती जरा जरी तिरकी गेली तर कापलेली कापडाची पट्टी उघडल्यावर मध्ये कोपरासारखी वाकलेली दिसते, आणि अशा पट्टीतून एकही चौकोन सरळ निघत नाही.

आता कापड फिरवून घ्या, सरळ केलेली कड डावीकडे, आणि पट्टीची साडेतीन इंचाची रेघ त्या कडेवर ठेवा. इथे जरा थांबून बघायचं असतं. रेघ कडेवर म्हणजे नेमकी कशी? काही जणी कड रेघेला बाहेरून टेकवतात, काही रेघेखाली लपवतात, आणि रेघेला स्वतःची जाडी असते. मी कापडाची कड रेघेच्या जाडीखाली पूर्ण झाकली जाईल आणि पलीकडे अजिबात दिसणार नाही अशी ठेवते. तुम्ही काहीही ठरवा पण शेवटच्या तुकड्यापर्यंत तेच, कारण सगळे तुकडे सारखे चुकले तर एकवेळ जुळतात, वेगवेगळे चुकले तर नाही.

डावा हात पट्टीवर बोटं पसरून, करंगळी पट्टीच्या बाहेर कापडावर टेकवा म्हणजे पट्टी फिरत नाही. कटर उभं धरून पट्टीच्या कडेला चिकटवून पोटापासून दूर, पुढच्या दिशेने एका दमात चालवा. कापडाची लांब पट्टी कापायची असेल तर मध्ये थांबून कटर न उचलता डावा हात पुढे चालवत न्या. मागे-पुढे करवतीसारखं घासू नका. दर तीन-चार पट्ट्यांनंतर एक पट्टी उघडून कोपर आलाय का बघा, आला असेल तर पुन्हा घडी नीट घालून कड सरळ करून घ्या, दोन मिनिटं जातात पण अख्खा मीटर वाचतो. मग पट्ट्या आडव्या ठेवून काठाकडचं टोक छाटा आणि चौकोन काढा. थर चारच्या वर नको, सुरुवातीला दोनच, कारण जास्त थरांत खालचा थर सरकतो आणि वरचा बघून सगळं ठीक वाटतं.

पातं फार धारदार असतं, हातातून ठेवताना दर वेळी बंद करायचं, दाराची बेल वाजली तरी आधी पातं बंद. घरात लहान मुलं असतील तर कुलूपबंद. कापताना एखाद्या ठिकाणी दर थोड्या अंतरावर एक-दोन धागे कापायचे राहत असतील तर पात्याला खाच पडलीय, बदला. आपल्याकडच्या दमटपणात पातं गंजतं, महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचा थेंब लावून पुसून ठेवा. मॅट सपाट ठेवायची, गुंडाळायची नाही, खिडकीच्या उन्हात किंवा गरम इस्त्रीखाली तर नाहीच, एकदा फुगली की परत सपाट होत नाही.

कात्री आणि साच्याने कापणं

साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म मस्त, धुऊन घ्या, पारदर्शक असते, झिजत नाही. पुठ्ठा पण चालतो पण वीस-पंचवीस वेळा पेन्सिल फिरली की कोपरे गोल होतात, म्हणून दोन-तीन साचे एकदमच करून ठेवा. साचा कापायच्या मापाचा करा, कोपरे मुलांच्या कंपासमधल्या गुण्याने तपासा आणि दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत.

कापडाच्या उलट बाजूला साचा सुतात ठेवून रेघ मारा, पेन्सिलला सारखं टोक करत राहा. खडू नको, त्याची रेघ जाड येते. आणि कापताना रेघ तुकड्यावर ठेवायची नाही, रेघेच्या आतून कापायचं. पेन्सिल साच्याच्या बाहेरून फिरते, रेघ ०.७ मिलिमीटर धरली आणि ती दोन्ही बाजूंना तुकड्यावर राहिली तर चौकोन १.४ मिलिमीटर मोठा, तीन चौकोनांच्या ओळीत ४ मिलिमीटरच्या वर, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त. कात्री कापडासाठी वेगळी ठेवा, एका वेळी एक किंवा फार तर दोन थर, आणि कापड उचलून कापू नका, कात्रीचं खालचं पातं टेबलावर टेकलेलं राहू द्या.

सगळं कापायच्या आधी चाचणी

मापात कापलेलं मशीनवर बिघडू नये म्हणून एवढं करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, वीतभर लांब, आणि पाव इंच मार्जिनने शेजारी शेजारी जोडा. इस्त्री केल्यावर मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली पाहिजे आणि एकूण रुंदी साडेतीन. मधली कमी आली तर तुमचं मार्जिन जास्त जातंय. कापड दुमडताना घडीत थोडं माप खातं, म्हणून शिलाई दोन सुतांना एक-दोन धागे कमीच ठेवावी लागते. आपल्या काळ्या मशीनच्या दाबपट्टीची, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड पाव इंचावर असेलच असं नाही, तेव्हा सुई हळूच खाली आणून सुईपासून पट्टीने दोन सूत मोजा आणि तिथे चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावून ठेवा, कापडाची कड त्याला टेकवत शिवायचं.

हे क्षुल्लक वाटतं, पण हिशोब बघा. मार्जिन फक्त अर्धा सूत जास्त गेलं तर प्रत्येक शिलाईत दोन्ही बाजूंचा मिळून एक सूत जातो. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये एका दिशेला दोन शिलाया, म्हणजे ब्लॉक दोन सूत लहान. असे आठ ब्लॉक एका ओळीत लावले की २ इंच गेले, ब्लॉक जोडायच्या शिलाया वेगळ्याच. सगळे ब्लॉक सारखेच लहान असते तरी चाललं असतं, पण त्यात एखादा त्रिकोणांचा ब्लॉक आला, ज्यात शिलाया जास्त, की तो अजून लहान होतो आणि शेजाऱ्याशी जुळत नाही.

चाचणी जमली की गोधडीतले नऊच चौकोन कापा, साडेतीन साडेतीनचे, पाच एका रंगाचे आणि चार दुसऱ्या. कापलेले तुकडे हाताळू नका फार, गठ्ठ्याच्या मधोमध सुईने एक धागा ओवून ठेवा आणि वर चिठ्ठी लावा कुठल्या मापाचे ते, पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात. आधी तीन-तीनच्या ओळी जोडा, प्रत्येक ओळ इस्त्री करून मोजा, साडेनऊ इंच यायला हवी. वरच्या ओळीच्या शिलाया डावीकडे दाबल्या तर मधल्या ओळीच्या उजवीकडे दाबा, म्हणजे ओळी जोडताना दोन्हींची जाडी एकमेकांत खाचेसारखी अडकते आणि कोपरे जागेवर बसतात. तिन्ही ओळी जोडून पूर्ण ब्लॉक उभा-आडवा मोजा. दोन्हीकडे साडेनऊ इंच भरले की मग बाकीचं कापड कापायला घ्या, नाही भरले तर उरलेल्या कापडाला हात लावायच्या आधी एक तुकडा उसवून पट्टीखाली ठेवा आणि तो अजून साडेतीन आहे का ते बघा.